वल्ला की कोल्ला

गणेश चतुर्थीला आमच्याकडे काट्याची पूजा होते. जळगाव जिल्ह्यात त्या दिवशी ठिकठिकाणी जिनिंगच्या दारात नारळ फुटतो, काट्याला हार पडतो आणि हंगामाचा पहिला कापूस मोजला जातो. मुहूर्ताचा भाव चढा असतो, त्याची बातमी दुसऱ्या दिवशी फोटोसकट पेपरात येते. त्या दिवसापासून माझा एक नेम सुरू होतो. घरून निघताना हात साबणाने दोनदा धुतो, कोरडे पुसतो, मोटरसायकलवर सुती हातमोजे घालतो आणि जिनिंगमध्ये पोचेपर्यंत ते काढत नाही. हाताला तेल नाही, क्रीम नाही. थंडीत भेगा पडल्या तर रात्री झोपताना तूप लावतो आणि पहाटे उठून ते पुन्हा धुऊन काढतो.

मी ग्रेडर आहे, भडगावचा. शेतकऱ्याची गाडी आली की कापसात हात घालायचा आणि सांगायचं: ओला की कोरडा (आमच्या बोलीत वल्ला की कोल्ला), धागा किती, माल एका वेचणीचा की दोन-तीन वेचण्यांचा मिसळलेला, कवडी म्हणजे किडका, नीट न फुललेला कापूस किती, काडीकचरा किती. एवढं सांगायला गाडीमागे दोन-तीन मिनिटं मिळतात. त्या दोन-तीन मिनिटांवर समोरच्या माणसाचं जूनपासूनचं सगळं राबणं मोजलं जातं. २००३ च्या हंगामात हे काम शिकायला लागलो, तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. गिरणा नदीच्या काठच्या काळ्या जमिनीत आमचाही कापूस असे, त्यामुळे कापूस मला कळतो अशी माझी पक्की समजूत होती.

शिकवणारे नाना होते. नात्याने कोणी नव्हेत, पण सगळी जिनिंग त्यांना नानाच म्हणायची. पोरवयात ते रेच्यावर, म्हणजे रुईतून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रावर, कामाला लागले होते. १९७२ मध्ये राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, तेव्हा ते केंद्रांवर ग्रेडरच्या हाताखाली गेले, आणि पुढे खासगी खरेदी पुन्हा मोकळी झाली तेव्हा परत जिनिंगमध्ये आले. त्यांच्या बोटांखालून ‘वाय-१’ सारखं देशी वाण गेलं, १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रावर सी. टी. पटेलांनी काढलेला ‘एच-४’ हा संकर गेला, नांदेडचा ‘एनएचएच-४४’ गेला. मी आलो तोवर बीटी कापसाला परवानगी मिळून एक वर्ष झालं होतं. नानांना त्या नव्या वाणांची नावं पाठ नव्हती. पण मूठभर कापूस हातात आला की तो कोणत्या शिवारातला, बागायती की कोरडवाहू, हे ते सांगायचे आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

पहिले पंधरा दिवस त्यांनी मला बोलूच दिलं नाही. ते ज्या कापसात हात घालतील त्यात त्यांच्यामागून मी हात घालायचा, एवढंच काम. मी काही बोलायला गेलो की म्हणायचे, “आधी हातले इचार.”

मला वाटायचं, हात काय सांगणार? मऊ की खरबरीत, झालं. आणि तिथेच मी पहिला फसलो. मऊ कापूस म्हणजे चांगला कापूस, असं मी धरून चाललो होतो. एकदा नानांनी दोन मुठी पुढे केल्या आणि विचारलं, यातला चढा कोणता? मी मऊ मूठ उचलली. त्यांनी मान हलवली आणि मला ती मूठ घट्ट दाबून सोडायला सांगितली. दुसरीही तशीच दाबून सोडायला लावली. दुसरी मूठ उघडल्यावर हळूहळू फुगून वर आली, झोपेतून उठल्यासारखी. मी निवडलेली मूठ दाबली तशीच राहिली. मऊ होती, पण तिच्यात दम नव्हता.

याचं कारण मला पुढे कळलं. बोंडात धागा आधी लांबीला वाढतो, साधारण तीन आठवडे. नंतर त्याची भिंत आतून भरत जाते, थरावर थर चढत जातो. या दुसऱ्या काळात पाणी तुटलं, अळी लागली किंवा झाड आधीच वाळलं, तर लांबी मिळते पण भिंत पातळ राहते. असा अपक्व धागा चपटा पडतो. बोटाला रेशमासारखा लागतो, पण त्याच्या सुतात गुठळ्या होतात आणि रंग सारखा चढत नाही. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने राज्यभर कापूस पोखरला, तेव्हा गाड्याच्या गाड्या असा कापूस आला. डोळ्यांना पांढरा दिसणारा मालही बोटांना पोकळ लागायचा. त्या साली मी कितीतरी लोकांना वाईट बातमी दिली. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना ती आधीच ठाऊक होती, कारण वेचताना त्यांच्याही हाताला तेच लागलं होतं.

धागा ओढणं शिकायला मला पूर्ण एक हंगाम लागला. सरकीवरून चिमूटभर रुई सोडवायची. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या यांच्यात धरून मधोमध ओढायची. अर्धी टाकायची, उरलेल्या अर्धीची टोकं चिमटीत धरून पुन्हा ओढायची, एकावर एक ठेवायची, पुन्हा ओढायची. आठ-दहा वेळा असं केलं की विस्कटलेले तंतू शेजारी-शेजारी सरळ होतात आणि चिमटीत एक छोटी चपटी पट्टी तयार होते, कुंचल्याच्या टोकासारखी. ती काळ्या कापडावर ठेवायची. कडा जितकी ठळक तितका माल सारखा. कडा धूसर असेल तर लांब-आखूड मिसळलेलं आहे. माझ्या उजव्या अंगठ्याचं वरचं पेर ३० मिलिमीटर आहे. नानांनी पहिल्याच आठवड्यात पट्टी लावून ते मोजलं होतं आणि म्हणाले होते, तुझी पट्टी देवाने तुझ्याजवळच दिली आहे. आज हमीभावात लांब धागा म्हणतात तो साडेएकोणतीस ते साडेतीस मिलिमीटरचा. म्हणजे माझं पेर अगदी त्या रेषेवर येतं.

ओढताना बोटांनी किती जोर लावायचा, हे मात्र कुठल्याच पट्टीवर नसतं. जास्त लावला तर धागे तुटतात आणि लांबी कमी दिसते, म्हणजे शेतकऱ्याचं नुकसान. कमी लावला तर मागचे आखूड धागे चिकटून येतात आणि लांबी फुगते, म्हणजे घेणाऱ्याचं नुकसान. दोघांच्या मधला तो जोर बोटांना सापडायला हवा. कापसाचा एक तंतू साधारण १२ ते २० मायक्रॉन जाडीचा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तो तुटताना चिमटीत जो बारीक धक्का बसतो, तो जाणवायला लागला तेव्हा नाना म्हणाले, आता तू शिकायला लागलास. त्याआधीचं वर्ष त्यांनी धरलंच नाही. शेवटी ती पट्टी कानाजवळ धरून झटक्याने तोडायची. पक्का धागा टचकन आवाज करतो, कच्चा नुसता सुटतो.

आता त्या सकाळची गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय माझ्या कामाचं काहीच खरं सांगितलं असं होणार नाही.

२००४ चा जानेवारी होता. पौषातली थंडी. नाना दोन दिवस लग्नाला गेले होते आणि गाड्या मी एकटाच बघत होतो. सकाळी साडेसातला एक आजी बैलगाडी घेऊन आल्या. बरोबर बारा-तेरा वर्षांचा नातू. गाडीत चार क्विंटलच्या आसपास कापूस असावा. आदल्या संध्याकाळीच निघाल्या होत्या, रात्र रस्त्यावर काढलेली. मी कोपरापर्यंत हात घातला. कापूस गार लागला, अगदी पाण्यात हात घातल्यासारखा. काढून पुन्हा घातला, पुन्हा तसाच. मी म्हणालो, ओला आहे, क्विंटलमागे पाच किलोची कट्टी लागेल.

आजी शांत होत्या. म्हणाल्या, “भाऊ, मना कापूस वल्ला नही शे. रातभर थंडीमा व्हता. तुमना हात गरम शे, म्हनीसन तुमले वल्ला लागस.”

मी ऐकलं नाही. माझ्या हाताला जे लागलं होतं ते मला इतकं स्पष्ट लागलं होतं की दुसरं काही असू शकेल असं वाटलंच नाही. मागे गाड्यांची रांग होती. मी चिठ्ठी लिहिली. आजींनी ती घेतली, कापूस खाली केला, पैसे मोजून लुगड्याच्या सोग्यात बांधले आणि त्या गेल्या.

दुपारी नाना आले. त्यांना मी कौतुकाने सांगितलं की आज एक ओली गाडी पकडली. ते ढिगाकडे गेले, मधून एक मूठ उपसली आणि ती मुठीतच धरून उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग तीच मूठ माझ्या हातात दिली. कापूस आता गार नव्हता. दाबून सोडला तर फुलून वर आला. त्यांनी एक सरकी काढून माझ्या तोंडात घातली आणि चावायला लावली. कडक होती, कट्टकन फुटली. ओल्या कापसाची सरकी दाताखाली चेपते, फुटत नाही. सकाळी मी सरकी चावलीच नव्हती. हाताला लागलं तेवढ्यावर निकाल दिला होता.

दुसऱ्या दिवशी नानांनी मला सायकलवर बसवलं आणि त्या गावी नेलं. कट्टीचे पैसे माझ्या पगारातून घेतले होते. आजी अंगणात गोवऱ्या थापत होत्या. हात धुऊन आल्या, पैसे घेतले, मोजले. मी खाली मान घालून उभा होतो. त्या मला म्हणाल्या, “आते पुढे कोनाबी कापूसले हात लावशी तव्हय जरासा थांबत जाय.” मग नातवाला चहा ठेवायला सांगितलं.

त्या आजींनी जे सांगितलं तेच विज्ञान सांगतं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. माणसाच्या कातडीत ओलावा ओळखणारी वेगळी अशी यंत्रणाच नाही. गारवा ओळखणाऱ्या नसा आहेत, दाब ओळखणाऱ्या आहेत, घर्षण ओळखणाऱ्या आहेत. ओलं म्हणजे काय, हे मेंदू या सगळ्यांवरून ताडतो. म्हणून दोरीवरचे कपडे थंडीत वाळलेत की ओले आहेत, हे आपल्याला चटकन कळत नाही. घरोघरच्या बायका अशा वेळी कपडा गालाला लावून बघतात. माझा हात त्या सकाळी खोटं बोलला नव्हता. त्याने गार सांगितलं होतं, ओला हा शब्द मी जोडला.

तेव्हापासून मी थांबतो. हिवाळ्यात मूठभर कापूस घेऊन मूठ मिटून ठेवतो आणि मनात तीस आकडे मोजतो. रांगेतले लोक ओरडतात. ओरडू देतो. मुठीतल्या उबेने कोरडा कापूस लगेच कोमट होतो, ओला गारच राहतो आणि तळव्याला चिकटल्यासारखा लागतो. मग सरकी चावतो. यात आणखी एक भेद आहे. कोणी वजन वाढवायला कापसावर पाणी मारलं असेल तर रुई गार आणि जड लागते पण सरकी कडक असते, कारण पाणी आत शिरायला वेळ मिळालेला नसतो. दवात वेचलेला किंवा अर्धवट उमललेल्या बोंडातला कापूस असेल तर रुई बाहेरून सुकलेली लागते आणि सरकी मऊ असते. पहिला माणूस लबाडी करतो आहे. दुसऱ्याला बहुधा मजूर मिळाले तेव्हा वेचून घ्यावं लागलं, किंवा घरात पैशाची नड होती. दोन्हींचा ओलावा आकड्यात सारखा भरू शकतो. बोटांना मात्र ती दोन वेगळी माणसं लागतात.

कापसातल्या फसवणुकीचा इतिहास जुना आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि इंग्लंडच्या गिरण्यांसाठी हिंदुस्थानातून कापसाचा ओघ सुरू झाला. खानदेशातही पैसा आला. त्याबरोबर गाठीत सरकी, माती, पाणीही आलं. म्हणून १८६३ मध्ये मुंबई सरकारला कापसातल्या भेसळीविरुद्ध कायदा करावा लागला. पुढे जळगावला मूळजी जेठांची कापड गिरणी उभी राहिली, अमळनेरला प्रताप शेठजींची उभी राहिली, जिनिंग-प्रेसिंगचे भोंगे गावोगाव वाजू लागले. या सगळ्या व्यापाराच्या मुळाशी, इकडे भडगावच्या गाडीपाशी आणि तिकडे लिव्हरपूलच्या बाजारात, एकच कृती होती: चिमूटभर कापूस घेऊन दोन अंगठ्यांत ओढणं. १९२४ मध्ये मुंबईत माटुंग्याला कापसाची प्रयोगशाळा निघाली, आणि हाताच्या पारखीला मोजमापाची जोड मिळाली. आता तर एकच यंत्र काही क्षणांत लांबी, ताकद, तलमपणा, रंग आणि कचरा, सगळं छापून देतं. मला त्या यंत्राबद्दल आदर आहे. मोठ्या सूतगिरणीला लागणारी खात्री माझी बोटं देऊ शकत नाहीत.

पण ते यंत्र रुईवर चालतं, सरकी काढल्यावर. शेतकऱ्याची गाडी दारात उभी असते तेव्हा तिथे असतो तो फक्त ओलावा मोजायचा मीटर. त्याची सळई कापसात खुपसायची आणि आकडा वाचायचा. इथे एका एका आकड्याला किंमत आहे. २०२५-२६ साठी लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये ठरला. ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण दर, त्यावर दर टक्क्याला दराच्या एक टक्का कपात, आणि १२ च्या वर गेला तर कापूस घेतच नाहीत. म्हणजे एका टक्क्याला क्विंटलमागे ८१ रुपये. दहा क्विंटलच्या गाडीला आठशेवर. 

मध्यंतरी एका नातेवाइकाबरोबर एका खरेदी केंद्रावर गेलो होतो. तिथे माझं काही काम नव्हतं, सोबत म्हणून गेलो. सळई वरवर घातली गेली आणि आकडा आला १३. गाडी परत न्या, असं सांगण्यात आलं. मी हात घालून पाहिला. वरची वीतभर रुई ताडपत्रीखाली घामेजली होती, रात्रीचं दव आत उतरलं होतं. वीतभर खाली हात गेला की कापूस कोरडा ठणठणीत. मी तिथल्या पोराला म्हणालो, मधून काढून बघ. पोरगा चांगला होता, त्याने ऐकलं. मधला आकडा ९ आला. मीटर बिघडलेला नव्हता. सळईच्या टोकाला जे लागलं तेच त्याने सांगितलं. ती कुठे खुपसायची आणि कापूस किती दाबलेला आहे, हे ज्याला कळतं असा हात तिच्यामागे असायला हवा होता. त्या मुलाला तो हात घडवायला कोणी वेळच दिलेला नाही. त्याला मीटर दिला, रजिस्टर दिलं, आणि रांगेतल्या शंभर गाड्या दिल्या.

हाताच्या तळव्यात आणि बोटांत स्पर्शाच्या सुमारे सतरा हजार नसा असतात, आणि बोटांच्या टोकाशी त्यांची सर्वांत दाट वस्ती असते, असं स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं. तिथल्याच दुसऱ्या एका गटाने २०१३ मध्ये दाखवलं की, बोट पृष्ठभागावरून फिरवलं तर १३ नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्याही माणसाला ओळखता येतात. केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही हे कमी. दाब कातडीतून नसेत नेमका कसा शिरतो, ते दार शोधणाऱ्या आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. हे वाचलं तेव्हा मी माझ्या बोटांकडे नव्याने पाहिलं. पण मला त्या माहितीत सर्वांत महत्त्वाचा वाटला तो ‘फिरवलं तर’ हा शब्द. नुसतं टेकवलेलं बोट फार थोडं सांगतं. ते सरकावं लागतं, परत आणावं लागतं. नाना कापसात हात घातल्यावर बोटं अशी हलवायचे की जणू आत कोणाची तरी नाडी शोधताहेत. मला तेव्हा ती त्यांची लकब वाटली होती.

स्पर्श मला नानांच्याही आधी माझ्या आईने शिकवला होता, पण ते शिकणं आहे हे मला ठाऊक नव्हतं. आई आयुष्यभर वेचणीला गेली. आमच्या शेतात आणि लोकांच्याही. बोंड उमललं की त्याच्या पाकळ्या वाळून काट्यासारख्या टोकदार होतात. वेचणारीने त्यांच्या मधून कापूस एका ओढीत काढायचा असतो, पाला न तुटता, कवडी न घेता. संध्याकाळी आईच्या नखांच्या कडा रक्ताळलेल्या असत. दोन्ही हात दोन झाडांवर चालत, आणि डोळे तिसरीकडेच, बांधावर खेळणाऱ्या आमच्यावर. पुरतं न उमललेलं बोंड हाताला लागलं की हात आपोआप पुढे सरके. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. घाईघाईत कवडी आणि पाला ओरबाडून पोतं भरणारीला जास्त पैसे, स्वच्छ वेचणारीला कमी. तरी ती स्वच्छच वेचायची. का, असं विचारलं तर म्हणायची, हाताले नको वाटतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याच हातांनी ती खापरावरचे मांडे करायची. भिजवून दळलेल्या गव्हाचं वस्त्रगाळ पीठ, तेलावर तासभर तिंबलेली कणीक, आत पुरण. लाटणं नाहीच. उंडा दोन्ही हातांवर झेलत, फिरवत, कोपरापर्यंत पसरत न्यायचा आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर टाकायचा. कणीक कुठे पातळ होते आहे आणि आता कुठे फाटेल, हे तिला हाताच्या मागच्या बाजूने कळे. एवढे घट्टे पडलेल्या हाताला ते कळत कसं असेल, याचं मला लहानपणी नवल वाटे. आता वाटत नाही. घट्टा पडलेली कातडी बारीक दाब खालच्या नसांपर्यंत पोचू देत नाही असं नाही, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, काय ऐकायचं आहे ते त्या हाताला माहीत असतं. कॉलेजातून आलेल्या मऊ हाताच्या मुलांना मी धागा ओढायला देतो, तेव्हा त्यांच्या बोटांना माझ्यापेक्षा जास्तच लागत असणार. फक्त त्यातलं कोणतं धरायचं हे कळत नाही. ते कळायला चुकावं लागतं, आणि चूक कोणाची तरी गाडी अडवते, हे डोळ्यांनी बघावं लागतं. कट्टीची चिठ्ठी हातात घेतलेला माणूस ज्याच्या समोरून गेला नाही, त्याच्या बोटाला आकडा लागतो, कापूस लागत नाही.

नाना २०१५ साली आजारी पडले. उजव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं हळूहळू परत आलं, उजव्या हाताचं कळणं आलं नाही. मी दर रविवारी त्यांच्याकडे जायचो. एकदा खिशात कापसाचे तीन-चार नमुने घेऊन गेलो, त्यांना बरं वाटेल म्हणून. उजव्या हातात ठेवले. त्यांनी बराच वेळ त्या हाताकडे नुसतं पाहिलं. मग मी ते डाव्या हातात दिले. डावा हात त्यांचा तंबाखूचा. त्याच्या तळव्यावर साठ वर्षं चुना मळलेला. कापसाला त्यांनी तो कधीच लावला नव्हता. बोटं हलवली, पुन्हा हलवली आणि म्हणाले, “हाऊ हात अडानी शे.”

मला वाटलं, आपण उगाच आणले. पण पुढच्या रविवारी त्यांनीच विचारलं, नमुने आणलेस का. मग दर रविवारी नेत राहिलो. ते डोळे मिटायचे, डाव्या मुठीत कापूस धरायचे आणि बराच वेळ थांबायचे. तंबाखू त्यांनी सोडली. होळीच्या सुमारास डावा हात वल्ला की कोल्ला हे सांगायला लागला होता, दहात आठ वेळा बरोबर. धागा ओढायला दुसरा हात लागतो, तो नव्हता. त्यासाठी एक टोक मी धरायचो आणि एक ते. दोन माणसांच्या दोन चिमट्यांत एक धागा. जोर किती लावायचा हे आम्हा दोघांनाही नव्याने ठरवावं लागायचं. त्या दिवसांत जे शिकलो ते आधीच्या बारा वर्षांत शिकलो नव्हतो. पुढच्या पावसाळ्यात ते गेले.

आता माझ्याकडे दोन मुलं शिकतात. मीटर त्यांच्या हातात असतो, तो मी काढून घेत नाही. फक्त एवढं करायला लावतो की आधी हात घाल, मनात आकडा ठरव, कागदावर लिही, मग सळई घाल. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर मधून कापूस काढून दोन्ही पुन्हा तपास, आणि शेतकऱ्याला बाजूला उभं राहून बघू दे. पहिल्या महिन्यात त्यांचे अंदाज तीन-चार टक्क्यांनी चुकत. आता एखाद्या टक्क्याने चुकतात. दोनदा असं झालं की मुलगा बरोबर निघाला आणि मीटरचे सेल उतरलेले निघाले.

वाचणाऱ्यांपैकी कोणी खरेदीच्या कामात असाल तर माझं मागणं एवढंच आहे: थंडीतल्या सकाळच्या गाडीला अर्धा मिनिट जास्त द्या, मूठ मिटून ठेवा, सरकी चावा, आणि माल आणणारा काय म्हणतो ते आधी ऐका. तो त्या कापसाला तुमच्याआधी हजार वेळा शिवलेला असतो.

आई आता त्र्याहत्तर वर्षांची आहे. वेचणी सुटली, पण अंगणात बसून आमच्या घरच्या कापसातली कवडी अजून निवडते, डोळ्यांना नीट दिसत नाही तरी. रेशन दुकानातल्या यंत्रावर तिचा अंगठा उमटत नाही. रेषा झिजून गेल्या आहेत. दहाही बोटं लावून पाहिली, एकही उमटलं नाही. तिच्या वाट्याचं धान्य दर महिन्याला माझ्या मुलीच्या अंगठ्यावर येतं.